फाळक्यावरची मानाची जोडी

मी काढलेल्या पोपटावर एकदा मांजरीने झडप घातली होती. पोपट ट्रॉलीच्या पत्र्यावरचा होता, त्यामुळे मांजरीचे पुढचे दोन दात जागीच पडले आणि पुढचं सगळं आयुष्य तिने रिसोडच्या धान्यबाजारात उंदरांच्या दयेवर काढलं. माझी बायको म्हणते की मांजर मुळातच म्हातारी होती आणि ती पोपटावर नाही, फाळक्यावर बसलेल्या चिमणीवर धावली. बायको माझ्या प्रत्येकच गोष्टीचं वेगळं सांगते आणि लोक तिचंच ऐकतात. म्हणून मी लिहायला बसलो. लिहिताना कोणी मधे बोलत नाही.

फाळका म्हणजे ट्रॉलीचा मागचा लोखंडी पल्ला. सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, उतरवताना तो खाली पाडतात. आमच्याकडे फाळक्यावर चित्र नसलेली ट्रॉली म्हणजे मुंडावळ्या न बांधलेला नवरदेव. वीस वर्षं मी हे नवरदेव सजवले. मागणी ठरलेली: बर्फाचा डोंगर, नारळाचं झाड, नदी आणि नदीत दोन हंस. वाशीम जिल्ह्यात मी हंस पाहिलेला नाही, आणि हंसानेही वाशीम जिल्हा पाहिला नसावा. पण हंगामात आमच्या रस्त्यांवरून शेकड्यांनी हंस सोयाबीन घेऊन बाजारात येत, आणि ते सगळे माझे.

मग छापील स्टिकर आले. मशीन अर्ध्या तासात हंस छापून देऊ लागली, तोही पापण्यांसकट. माझ्याकडे विहिरीच्या मोटारींवर नावं टाकायचं काम उरलं. दिवसभर रिकामा बसलो की मी बोलतो, आणि ऐकायला घरात एकच माणूस. शेवटी त्या माणसाने स्वतःचा जुना मोबाईल माझ्या हातात ठेवला आणि म्हटलं, "एवढं बोलता तं याच्याशी बोला. मले भाकरी करू द्या."

असं माझं ऑनलाइन जाणं झालं. मी मोबाईल ट्रॅक्टरच्या जॅकवर सायकलच्या ट्यूबने बांधला. हँडल फिरवलं की कॅमेरा वर, उलटं फिरवलं की खाली; सिनेमावाल्यांकडे असली क्रेन नसेल. रंग कसा कालवायचा, हाताला टेकू द्यायची काठी कशी धरायची, खारीच्या शेपटीच्या ब्रशने एका दमात रेघ कशी ओढायची, हे सगळं मी दाखवू लागलो. लोकांना सगळ्यात आवडायची ती लांब रेघ. शिंगाच्या बुडापासून शेपटीपर्यंत बैलाची अख्खी पाठ, हात न उचलता, श्वास रोखून. एकदा रेघ लांबली आणि मी श्वास घ्यायचाच विसरलो, तो दुसऱ्या दिवशी आठवला. किती लोक बघायचे तो आकडा मी लिहीत नाही. मी सांगितलेल्या आकड्याला लोक आपोआप दहाने भागतात, मग खरा सांगून तोट्यात कशाला जाऊ?

पोळ्याच्या तीनेक आठवडे आधी मेडशीहून एक म्हातारा एसटीने आला. माझ्या शेडमध्ये रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला, भिंतीवरचे माझे नमुने एकेक करून पाहिले आणि हंसापाशी येऊन मान हलवली. मी त्याला आबाजी म्हणालो. तो मला पेंटर म्हणाला. शेवटपर्यंत आमचं तेवढंच राहिलं.

त्याचं काम असं होतं. त्याच्या गावात पोळ्याला सगळे बैल रांगेत उभे राहतात, समोर दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण. त्या तोरणाखालून पहिली जोडी जाते ती या म्हाताऱ्याच्या घरची. त्याच्या आजाच्याही आधीपासून हा मान त्या घराकडे. पण गेल्या हिवाळ्यात त्याचा पांढरा बैल वय होऊन गेला, आणि तांबडा गोठ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. कडबा टाकला तरी तोंड लावेना. पंधरा दिवसांत तोही गेला. मुलांनी ट्रॅक्टर-ट्रॉली आणली. गावाने सांगितलं, मान जोडीचा आहे, ट्रॅक्टरचा नाही. दुसऱ्या मानाचं जे घर होतं, त्याचा मालक लगेच नवी झूल शिवायला टाकून मोकळा झाला.

म्हाताऱ्याने बैठकीत विचारलं होतं, जोडी ट्रॉलीवर काढून आणली तर? गाव पोट धरून हसलं. पण चार जुनी माणसं हसली नाहीत. त्यांनी ठरवून दिलं की आणा, चालेल. पण ती जोडी तीच पाहिजे. गावातल्या कोणीही बोट ठेवून हे चुकलं असं दाखवलं, तर मान दुसऱ्या घराला, कायमचा.

"बैल नको काढू, पेंटर," म्हातारा उठताना म्हणाला. "माहे बैल काढ."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं की आबाजी, मी काढलेल्या बैलांना लोकांनी पेंड टाकली आहे. म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की तेवढ्यापुरती मला माझी लाज वाटली.

फोटो हवा होता. म्हाताऱ्याची नात वाशीमला कॉलेजात शिकते, तिच्या मोबाईलमध्ये एकच फोटो असा निघाला ज्यात दोन्ही बैल समोरून जरा तिरके, तोंडासकट दिसत होते. गाडीला जुंपलेली जोडी, मधे कासरा धरून आजोबा, आणि सगळ्यांच्या पुढे अर्धा फोटो व्यापून ती स्वतः हसते आहे. मी तिला मनातल्या मनात बाजूला सारलं आणि कामाला लागलो.

आता काम कसं चालतं ते सांगतो, कारण पुढची सगळी फजिती या कामातूनच झाली. आधी फोटोवर चौकटी पाडायच्या. तेवढ्याच चौकटी मोठ्या करून बटर पेपरवर चित्र उतरवायचं. मग त्या कागदावर रेघेरेघेने सुईने भोकं पाडत जायचं, हा झाला खाका. खाका पत्र्यावर चिकटवायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थापटत न्यायची, की भोकांतून पूड खाली उतरते आणि पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांचा बैल उभा राहतो. त्या खाक्याला मी एवढी भोकं पाडली की त्यातून गव्हाचं पीठ चाळून झालं असतं. बायको म्हणते, पीठ चाळायला तिची चाळणी आहे.

रंगाला खरी मेहनत लागली. पांढरा बैल पांढरा नसतो. कानामागे राखाडी, गुडघ्यावर शेणाची पिवळट झाक, वशिंडावर उन्हाची निळसर सावली. तांबड्यासाठी मी सात वेळा रंग कालवला आणि सात वेळा ओतून टाकला. शेवटी म्हाताऱ्याला फोन करून विचारलं, तुमचा तांबडा नेमका कसा? तो म्हणाला, उन्हात गुळाच्या भेलीसारखा अन् सावलीत विटेसारखा. आठव्यांदा कालवला तो रंग मी डब्यात झाकून ठेवला आहे. कोणाला देणार नाही. त्याच्या कपाळावर पांढरा चांद होता, रुपयाएवढा, एका अंगाने थोडा फाटलेला. तोही तसाच उतरवला.

म्हातारा स्वतः चित्रात यायला तयार नव्हता. मीच ऐकलं नाही. शेजारी माणूस असल्याशिवाय बैलाची उंची कळत नाही, आणि कासरा हवेत धरता येत नाही. आणि एकदा माणूस घेतला म्हटल्यावर मला चेव आला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याचा खिसा, खिशात चष्म्याचं घर, त्याच्या आडून डोकावणारी चुन्याची डबी, डबीच्या झाकणावर पडलेला उजेडाचा ठिपका. नुसत्या खिशावर माझा एक अख्खा दिवस गेला. मोबाईलने तो दिवस पाहिला, आणि त्या दिवसाचा व्हिडिओ मी 'जोडी तयार' असं लिहून सोडून दिला. पोळ्याला तीन दिवस होते.

मग जे झालं त्याला मी कौतुक म्हणत नाही, पूर म्हणतो. मोबाईल इतका टणटण करू लागला की शेजारच्याला वाटलं आमच्याकडे आरती चालू आहे. कुठल्या कुठल्या गावची माणसं बैलांच्या डोळ्यांविषयी लिहीत होती. एकाने लिहिलं, खिशातली चुन्याची डबी पाहून तलफ आली. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तरात स्वतःला थोडं थोडं मोठं केलं. दुपारपर्यंत मी एवढा मोठा झालो होतो की शेडच्या दारातून वाकून बाहेर पडावं लागलं.

संध्याकाळी एका बाईचं म्हणणं आलं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची बाई, नावाशेजारच्या फोटोत बैलगाडीजवळ उभी. दरवर्षी दिवाळीनंतर गाडी-बैल घेऊन ऊस तोडायला जाणाऱ्यांपैकी असावी. तिने एवढंच लिहिलं होतं: "भाऊ, बुवाचा खिसा उजवीकडं कसा? सदऱ्याले खिसा डावीकडं राह्यते. मंग बैलबी उलटे जुंपले असतीन."

मी हसलो. सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ताई, चित्रकलेत हे असंच असतं, अभ्यास लागतो. वरून हात जोडलेलं चित्रही टाकलं.

मग गुपचूप घरात गेलो, सदरा घातला आणि आरशासमोर उभा राहिलो. उजवा हात उचलला तर आरशातला डावा उचलत होता, आणि खिसा नेमका कोणाच्या कुठल्या बाजूला आहे ते मला कळेना.

बायको दारातून पाहत होती. "आरशात कायले पाहून राह्यले? खाली पाहा ना."

मी खाली पाहिलं. खिसा डावीकडे होता. मी अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेले सगळे सदरे तपासले. पाच सदरे, पाचही खिसे डावीकडे. सासऱ्यांना फोन करून विचारलं, त्यांचाही डावीकडे. शिंप्यांनी सगळ्या जगात एकजूट केली होती आणि मला कोणी कळवलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या नातीला फोन केला. ती आधी समजली नाही, मग हळूच म्हणाली की काका, तो सेल्फी होता, समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला. त्यात आरशासारखं उलटं येतं आणि तिच्या मोबाईलमध्ये उलटंच राहतं. म्हणजे जो तांबडा जन्मभर उजवीकडे चालला तो माझ्या चित्रात डावीकडे जुंपला होता. फोटोतला केस न् केस मी बरोबर उतरवला होता, आणि म्हणूनच सगळं चूक होतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला मी, आणि जोडीकडे एकदाही जोडी म्हणून पाहिलं नाही. फोटो म्हणून पाहत राहिलो.

खरं सांगतो, आणि मी खरं सांगतो तेव्हा ते छोटं असतं: माझ्या मनात पहिला विचार आला की कोणाला कळतंय? म्हाताऱ्याला जवळचं दिसत नाही. गावाचं लक्ष पुरणपोळीत. तरी खात्री करावी म्हणून त्याला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून, सहज आठवल्यासारखं विचारलं की जोडीत उजव्या-डाव्याचं एवढं काही असतं का हो?

"उजव्याचा बैल डावीकडं जुंपला तं तो पाय उचलत नाही, पेंटर," तो म्हणाला. "अकरा वर्सं एका अंगानं चालला तो. मंग तोरणाखालून जाईन कसा?"

पत्र्यावरच्या बैलाबद्दल बोलत होता तो. रंगाचा बैल पाय उचलणार की नाही याची त्याला चिंता होती. मी फोन ठेवला आणि माझी उंची पुन्हा दारात बसण्याएवढी झाली.

त्यानंतर मी मोबाईल चाळत बसलो, कोणीतरी माझी बाजू घेतली असेल या आशेने. तिथे एक अंगठा दिसला, सोबत हसणारा पिवळा चेहरा, आणि खाली दोन शब्द: वा पेंटर. तो अंगठा तांड्यावरच्या बाईच्याही तासभर आधीचा होता. नावाशेजारच्या फोटोत एक मिशीवाला गडी नव्या झुलीतल्या बैलांपाशी उभा. नातीला पाठवून विचारलं, हे कोण? तिने लगेच कळवलं, हेच ते दुसऱ्या मानाचे काका.

त्याला सगळ्यात आधी दिसलं होतं. दिसलं, हसला, आणि बोट पोळ्यासाठी राखून ठेवलं.

इथे मला राग यायला हवा होता. मला तर भयंकर आनंद झाला. लबाडी ओळखायला मला वेळ लागत नाही, रोजची ओळख आहे. त्याला वाटत होतं की मी मोठेपणाच्या नशेत बसलो आहे. बाईला दिलेलं माझं ते शहाणपणाचं उत्तर तर तिथे सगळ्यांसमोर होतंच. मी ते पुसलं नाही. व्हिडिओही तसाच ठेवला. वरून आणखी दोघांना लिहिलं की धन्यवाद, आता यात एक रेघही बदलणार नाही.

मग त्या बाईला एकटीला निरोप पाठवला की ताई, तुमचं बरोबर आहे, माफ करा. तिने फोनच केला. आवाजावरून पन्नाशीची वाटली. माझी माफी तिने ऐकूनच घेतली नाही, सरळ विचारलं, पोळा तीन दिवसांवर आहे तर करणार काय? मी रडगाणं लावलं की नवा खाका काढायला दोन दिवस, जुना रंग खरवडायला एक दिवस, नवा वाळायला आणखी एक, आणि वरून ही सर्द हवा.

"खाका कायले नवा?" ती म्हणाली. "कागद पालटा ना, भाऊ. आमी भरतकामात पालटतो तं डावीचं फूल उजवीकडं जाते."

मी खाका उजेडासमोर धरला आणि पालटला. हजारो भोकं तीच, आणि तांबडा चालत आपल्या बाजूला गेला. चष्म्याचं घर डाव्या छातीवर येऊन बसलं. एवढी वर्षं खाके पाडणाऱ्या मला कागदाला दुसरी बाजू असते हे ऊस तोडणाऱ्या बाईने सांगावं लागलं.

राहिला खरवडायचा प्रश्न. कागदाला दुसरी बाजू असते तशी फाळक्यालाही असते, हे मला तिथल्या तिथे सुचलं. बायको म्हणते तिला सुचलं. दोघांचंही म्हणणं मी इथे लिहून ठेवलं आहे, वाचणाऱ्याने काय ते ठरवावं. ट्रॉली नवी होती, आतल्या बाजूला अजून एक कट्टाही घासला नव्हता. वेल्डिंगवाल्याकडून बिजागऱ्या सोडवून घेतल्या, फाळका पालथा केला आणि कोऱ्या पत्र्यावर पुरचुंडी थापटायला घेतली.

ते दोन दिवस मी माझ्या जन्मात बोललो नाही एवढं कमी बोललो. बायकोने दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला. पहिल्या खेपेला जे दहा दिवसांत जमलं होतं ते दुसऱ्या खेपेला हाताने स्वतःच केलं. मी नुसता ब्रशमागे धावत होतो. पाठीची लांब रेघ ओढली तेव्हा जॅकवरचा मोबाईल चालू होता, पण तो व्हिडिओ मी पोटात ठेवला. उघडीप आली की फाळका उन्हात, सर आली की ताडपत्रीखाली, आणि मधल्या वेळात लग्नातल्या व्हिडिओवाल्याकडून आणलेला हॅलोजन त्याच्यावर. तांबड्याची पाठ वाळली, पाय वाळले. कपाळ मात्र शेवटी रंगवलं होतं, ते चिकट राहिलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी फाळका मेडशीत म्हाताऱ्याच्या अंगणात ट्रॉलीवर चढवला. म्हातारा बाहेर आला. आधी त्याने तक्रार केली की त्याचं पोट एवढं नाही. मग तो पांढऱ्यासमोर उभा राहिला, मग तांबड्यासमोर, आणि बराच वेळ तिथून हलला नाही. मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं आणि बायकोने माझ्या पायावर पाय दिला. वरून भुरभुर सुरू झाली होती म्हणून आम्ही ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. थोडी भुरभुरीसाठी आणि बरीचशी मिशीवाल्यासाठी.

मैदानात सगळं गाव जमलेलं. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरू. ट्रॉली झाकलेली पाहून दुसऱ्या मानाचे काका पुढे आले. आमच्याकडे पोळ्याला एकमेकांना चिमटे काढणाऱ्या झडत्या म्हणतात, आणि पोळ्याला कोणी रागवायचं नसतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तयार करून आणलेली झडती खड्या आवाजात म्हटली:

"पेंटर आला रिसोडचा, रंग आणला नवा,
डाव्याचा केला उजवा, अन् उजव्याचा केला डावा!"

हर हर महादेवचा गजर झाला आणि गाव हसलं. चार जुनी माणसं म्हाताऱ्याकडे पाहू लागली. एकाने विचारलं, हे खरं का? काकांनी खिशातून मोबाईल काढून माझाच व्हिडिओ त्यांच्यासमोर धरला, खिशावर बोट ठेवलं, मग तांबड्यावर. बोट अगदी बरोबर होतं. तेवढं शांत मैदान मी पुन्हा पाहिलं नाही. घुंगरूसुद्धा थांबले होते.

मी फक्त दोरी ओढली. ताडपत्री खाली आली.

पहिल्यांदा बैल ओरडले. रांगेतला एक म्हातारा बैल मान वर करून असा हंबरला की खांबावरचा भोंगा बंद पडला. बायकोच्या मते भोंगा वीज गेल्याने बंद पडला. काका मोबाईलकडे पाहत, फाळक्याकडे पाहत, पुन्हा मोबाईलकडे. मोबाईलमध्ये तांबडा एका अंगाला, पत्र्यावर दुसऱ्या अंगाला. त्यांनी ट्रॉलीला एक चक्कर मारली, म्हाताऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. खिसा डावीकडे.

तरी गडी हरायला तयार नव्हता. जुन्या माणसांकडे वळून म्हणाला की बाजू जमली म्हणून बैल तोच होत नाही. आणि मग त्याने जे केलं ते मला सुचलं नसतं. तो जोडीसमोर आला, पाय रोवून उभा राहिला, डोळे मिटले आणि हात पुढे केला, जसा रोज पहाटे कासरा धरायच्या आधी बैलाच्या कपाळाला लावतात तसा. नंतर कळलं की त्याची स्वतःची जोडी नव्हती तेव्हा दोन हंगाम त्याने म्हाताऱ्याचीच जोडी वापरली होती. हात हवेत पुढे सरकला आणि थांबला तो बरोबर तांबड्याच्या चांदासमोर, ओल्या रंगापासून बोटभर अलीकडे.

त्याने डोळे उघडले. हातासमोर चांद होता, त्याच उंचीला, फाटलेल्या कडेसकट. मिशी हलली.

"हा तांबडाच," तो म्हणाला. "यानं मले दोन साल नांगरून देल्लं." आणि मग मागे वळून सगळ्या गावाला, "पहिला मान यांचाच. हाना ट्राली."

गाव गरजलं. पण गरजून झाल्यावर सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की जोडी ट्रॉलीच्या मागच्या बाजूला आहे. ट्रॅक्टर सरळ नेला तर तोरणाखालून आधी इंजिन जाणार आणि मानाची जोडी सगळ्यात शेवटी. जोडी पुढे हवी तर ट्रॉली उलटी न्यायला हवी. मागे घेताना ट्रॉली कुठल्या दिशेला वाकडी होईल हे तिच्या बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हाताऱ्याचा थोरला मुलगा स्टेअरिंगवर बसला, दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ट्रॉली खांबाकडे वळली. धाकट्याने शेजारची पानटपरी जवळजवळ मानकरी केली. सगळं गाव एकाच वेळी काट, सोड, उलटं काट असं सांगत होतं, बैलसुद्धा.

तेव्हा नात पुढे झाली. आजोबांची परवानगी मागितली नाही, चुलत्याला खाली उतरवलं, ओढणी कमरेला बांधली आणि चढली. म्हणाली, "फोटोत मीच उलटे केले होते, आता सरळ मीच नेते." तिने मान मागे वळवली, एका हाताने स्टेअरिंग आणि दुसरा हात सीटच्या पाठीवर, आणि ट्रॉली मागे घेतली. ट्रॉली एका रेघेत गेली. माझी बैलाची पाठही एवढी सरळ जात नाही, हे मी स्वतः लिहितो आहे, म्हणजे विश्वास ठेवा.

म्हातारा जोडीच्या पुढे चालत होता, पाठमोरा नाही, जोडीकडे तोंड करून, एक एक पाऊल मागे टाकत. हातात कासरा नव्हता, पण मूठ मिटलेली होती. तोरणाची पानं आधी त्याच्या टोपीला लागली, मग पांढऱ्याच्या शिंगांना आणि तांबड्याच्या शिंगांना एकदमच. त्यांच्यामागे दुसऱ्या मानाची जोडी, नव्या झुलीत, आणि मिशीवाला काका स्वतः माझ्या नावाची नवी झडती जुळवत. त्या झडतीत मी अर्जुनापेक्षा थोडा वरचढ होतो. बायको म्हणते, बरोबरीचा.

घरी परतल्यावर म्हाताऱ्याची म्हातारी ताट घेऊन बाहेर आली. जोडी दारात आली की तिचे पाय धुवायचे, कपाळाला कुंकू लावायचं, पुरणपोळी द्यायची. तिने पत्र्यावरच्या आठही खुरांवर पाणी सोडलं. पांढऱ्याला कुंकू लावलं, ते कोरड्या रंगावरून थोडं सांडलं. तांबड्याच्या चांदावर अंगठा टेकवला आणि तो तिथे चिकटला, रंग अजून ओला होता. तिने हळूच अंगठा सोडवून घेतला. चांदाच्या मधोमध तिच्या अंगठ्याच्या रेषा कुंकवाने उमटून राहिल्या, मोजता येतील एवढ्या स्पष्ट. ती घाबरून माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, आई, हात लावू नका त्याला, राहू द्या तसंच.

त्याच संध्याकाळी पोटात ठेवलेले सगळे व्हिडिओ मी सोडून दिले, चुकीसकट, आणि पहिलंच वाक्य तांड्यावरच्या बाईसाठी लिहिलं. तिने खाली उत्तर दिलं: आता खिसा बरोबर हाय. हजारो शाबासक्यांत मला तेवढीच पाठ आहे. बाकीचे लोक अजूनही एकच विचारतात, तांबड्याच्या कपाळावरचा तो कुंकवाचा अंगठा, त्या बारीक बारीक रेषा, कोणत्या ब्रशने काढल्या? मी त्यांना सांगतो की तो ब्रश मेडशीत एकाच घरी आहे, सत्तर वर्षांचा आहे, आणि मला तो वापरता येत नाही. कोणीच विश्वास ठेवत नाही.